हृदयाच्या ॲपला पैसे कोण देतं?

जून २०१४ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवर ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं ॲप आलं. दंडाला पट्टा नको, मशीन नको. फोनची वरची कड छातीच्या डाव्या बाजूला टेकवायची, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, थोडं थांबायचं, की वरचं आणि खालचं बीपी स्क्रीनवर हजर. किंमत चार-पाच डॉलर. जुलै २०१५ च्या अखेरीस ते स्टोअरवरून गेलं. मधल्या ४२१ दिवसांपैकी १५६ दिवस ते आयफोनवर सर्वाधिक खपणाऱ्या पहिल्या पन्नास ॲप्समध्ये होतं, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी त्याच्या किमान ९५० प्रती विकल्या जात होत्या.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ८५ जणांवर हे ॲप तपासलं आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, अशा दर पाचांपैकी जवळजवळ चौघांचा आकडा ॲपने वाढलेला दाखवलाच नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, ॲप बनवणाऱ्या कंपनीशी तडजोड केली. कंपनीवर जवळजवळ ६ लाख डॉलरचा भार ठरला, पण तिच्याकडे तेवढे पैसेच नाहीत म्हणून वसुली स्थगित राहिली. कंपनीच्या प्रमुखाने आपल्याच ॲपला स्टोअरवर पाच तारे दिले होते, असंही कमिशनच्या तक्रारीत होतं.

एका लबाड कंपनीची गोष्ट म्हणून हे प्रकरण मिटवता आलं असतं. पण त्या संशोधकांनी पुढे आणखी एक प्रश्न विचारला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: इतकं चुकीचं ॲप लोकांना एवढं आवडलं कसं? त्यांनी दवाखान्यांत आलेल्या लोकांना आधी स्वतःच्या बीपीचा अंदाज सांगायला लावला, मग ॲपवर मोजायला लावलं, मग ॲप कसं वाटलं ते विचारलं. बहुतेकांना ते आवडलं आणि अचूकही वाटलं. मात्र ज्यांना ॲपने त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आकडा दाखवला, त्यांना ते कमी आवडलं, आणि पुन्हा बीपी मोजायची त्यांची इच्छाही कमी झाली. दिलासा देणारा आकडा आवडतो, आवडलं की चांगले शेरे मिळतात, शेऱ्यांवर खप वाढतो. या साखळीत कुणीही खोटं बोलायचं ठरवलं नाही, तरी बाजार खोट्या दिलाशालाच बक्षीस देतो. म्हणून हृदयाच्या ॲपकडे बघताना मला पहिला प्रश्न सेन्सरचा पडत नाही. या ॲपला पैसे कोण देतं आणि कशाबद्दल देतं, हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर मिळालं, की ॲपचे निम्मे स्क्रीन न बघताही सांगता येतात.

मी ॲप-डिझाइनचं काम करते. आमच्या मीटिंगमध्ये ज्यांच्यावरून आवाज चढतात ते आकडे ठरलेले असतात. आज किती जणांनी ॲप उघडलं, तिसाव्या दिवशी किती जण टिकले, ट्रायलवाल्यांपैकी किती जणांनी पैसे भरले. खेळाच्या किंवा गाण्यांच्या ॲपला हे मोजमाप ठीक आहे. हृदयाच्या ॲपला लावलं, की त्या तिन्ही आकड्यांत वापरणाऱ्याचं बीपी कुठेच नसतं. त्याची गोळी सुरू आहे की सुटली, हेही नसतं. टीममधली माणसं वाईट नसतात. ज्या आकड्यावर पगारवाढ आणि पुढची गुंतवणूक ठरते, तिकडे काम वळत जातं, एवढंच.

एक स्क्रीन जवळून बघू. ठोके मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या. आधी प्रश्न येतात: वय, वजन, झोप, सिगारेट. मग येतो, ‘घरात कुणाला हार्ट अटॅक आला होता का?’ ज्याचे वडील अटॅकने गेले, त्याचं बोट इथे थबकतं, आणि ते थबकावं म्हणूनच हा प्रश्न शेवटी ठेवलेला असतो. पुढे एक वर्तुळ फिरतं, ‘तुमच्या हृदयाचं विश्लेषण सुरू आहे’, आणि टक्के हळूहळू चढत जातात. चार उत्तरांची बेरीज करायला फोनला एवढा वेळ लागत नाही. निकाल भारदस्त वाटावा म्हणून तो थांबा मुद्दाम घातलेला असतो. मग लाल-नारिंगी पट्टा, आणि खऱ्या वयापेक्षा चार-सहा वर्षांनी जास्त असलेलं ‘हृदयाचं वय’. खाली पूर्ण अहवाल, पण धूसर केलेला. त्यावर मोठं बटण: तीन दिवस मोफत, नंतर दर आठवड्याला इतके रुपये. बंद करायची फुली पांढऱ्यावर फिकट राखाडी, आणि तीही काही सेकंदांनी उगवते.

आठवड्याचा भाव लावण्यामागेही हिशेब आहे. आठवड्याला १९९ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, वर्षाचे मात्र दहा हजारांवर जातात. दंडाला पट्टा बांधून मोजणारं चांगलं डिजिटल मशीन दोन-अडीच हजारांत येतं, वर्षानुवर्षं चालतं आणि घरातल्या सगळ्यांना पुरतं. हृदयाच्या बाबतीत घरी मोजण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट बीपी. फोनचा कॅमेरा ते मोजतच नाही. बोटाखाली रक्ताची लाट आली-गेली की प्रकाश कमी-जास्त परततो, त्यावरून तो ठोके मोजतो. शांत बसलं असताना हा आकडा बऱ्यापैकी जमतो. हात हलला, बोट गार असलं, माणूस नुकताच जिना चढून आला असला, की बिघडतो. २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च सरकारी कायदा-अधिकाऱ्याने, तीन आरोग्य-ॲप्सवर कारवाई केली. त्यांतल्या ठोके मोजणाऱ्या दोन ॲप्सचा दोष हाच होता, की व्यायामानंतरचे ठोके अचूक मोजतो असा दावा होता आणि त्यासाठी पुरेशी चाचणी केलेली नव्हती.

भीतीवर चालणाऱ्या धंद्याचं नुकसान पैशापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. धडधडीची काळजी ज्याच्या मनात बसली आहे, तो दर पंधरा मिनिटांनी ठोके मोजतो. आकडा बघून घाबरतो, घाबरला की आकडा वाढतो, आणि ॲपच्या हिशेबात तो सगळ्यात निष्ठावान ग्राहक ठरतो. दुसऱ्या टोकाला याहून भयंकर गोष्ट घडू शकते. आपल्याकडे छातीत दुखायला लागलं की पहिला तर्क गॅसचा असतो. ओवा खाल्ला जातो, सोडा पिऊन बघितला जातो, ‘सकाळपर्यंत थांबू’ असं ठरतं. अशा वेळी फोनवर बोट ठेवलं आणि ‘७८, नॉर्मल’ असं हिरव्या अक्षरात उमटलं, तर माणूस नक्की थांबतो. अटॅक चालू असताना ठोके अगदी नॉर्मल असू शकतात. मनगटावरच्या घड्याळात ईसीजी निघतो, पण तो एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा; दवाखान्यातला बारा लीडचा असतो. ॲपलने स्वतःच्या ईसीजी ॲपमध्ये लिहून ठेवलं आहे की हे ॲप हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. ठोक्यांतली अनियमितता हेरण्यात त्या घड्याळाला काही अर्थ आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात सुमारे अर्धा टक्का लोकांना तशी सूचना गेली, आणि त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तपासणी करून घेतली त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांत ‘एट्रियल फिब्रिलेशन’, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याचा आजार, सापडला. उपयोग आहे आणि त्याला सीमा आहे. ती सीमा पहिल्याच स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसली पाहिजे: छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि १०८ चं बटण त्याच स्क्रीनवर हवं. रोजच्या ‘वापरा’साठी पैसे मिळणाऱ्या टीमला हा स्क्रीन नको असतो, कारण इथून माणूस ॲपमधून बाहेर जातो.

कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे वापरणाऱ्याला फसवून नको ते करायला लावणाऱ्या डिझाइनविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत. सबस्क्रिप्शनचा सापळा त्यात आहे, आणि वापरणाऱ्याच्या मनात भीती किंवा अपराधी भावना निर्माण करून खरेदीकडे ढकलणं हेही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे ऑटोपेचे पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावं लागतं. भीतीचं ते कलम ‘हृदयाचं वय’ विकणाऱ्या ॲप्सना लावून दाखवायला हवं, आणि त्यासाठी तक्रारी व्हायला हव्यात. सॉफ्टवेअरसकट सगळी वैद्यकीय उपकरणं १ एप्रिल २०२० पासून औषध-कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तरी ‘हे ॲप वैद्यकीय उपकरण नाही, केवळ वेलनेससाठी’ अशी एक ओळ अटींमध्ये टाकायची आणि जाहिरातीत मात्र अटॅकची भीती घालायची, हा मार्ग मोकळाच राहिला आहे. जाहिरातीत आजाराचं नाव घेतलं, की ती पळवाट बंद झाली पाहिजे.

‘आमचं ॲप पूर्ण मोफत आहे’ असं कुणी सांगितलं, की मला जास्त काळजी वाटते. मग पैसे जाहिरातदार देतो, आणि त्याला तुमची माहिती हवी असते. गुडआरएक्स ही औषधांवर सवलत देणारी अमेरिकन सेवा. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार ऑगस्ट २०१९ मध्ये तिने हृदयविकाराची आणि बीपीची औषधं घेणाऱ्या ग्राहकांच्या याद्या केल्या आणि त्यांचे ईमेल, फोन नंबर फेसबुकवर चढवले, म्हणजे नेमक्या त्याच लोकांना जाहिराती दाखवता येतील. २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड झाला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, जास्त कडक वर्गच ठेवलेला नाही. तुमचा ईसीजी आणि तुमची पिझ्झाची ऑर्डर यांना तत्त्वतः एकच संमती-बटण. ही त्या कायद्याची मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या समाजात मुलीला बीपीची गोळी सुरू आहे हे स्थळ ठरेपर्यंत मामालाही कळू देत नाहीत, तिथे ही माहिती कुणाच्या जाहिरात-यादीत जाणं ही लहान गोष्ट नाही.

विमा कंपन्यांनी पैसे द्यावेत, असं एक उत्तर हल्ली दिलं जातं. चाला आणि हप्त्यात सवलत मिळवा. परदेशात हे बऱ्याच वर्षांपासून चालतं, भारतातही काही आरोग्यविमा योजनांमध्ये आलं आहे. लोकांना चालायला लावणारं काहीही मला आवडतं. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर सकाळी जी गर्दी असते, तिच्यातले कितीतरी जण मनगटावरचा आकडा बघत चढतात आणि त्यांचा उत्साह खरा असतो. पण सवलतीची अट म्हणून पावलं बांधली, की ती कुणाची मोजली जातात हा प्रश्न येतो. खुरपणीला दिवसभर उकिडवी बसणारी बाई घामाघूम होते, तिच्या फोनवर पावलं उमटत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांना सवलत नाही, ऑफिसात फेऱ्या मारणाऱ्या तरुणाला आहे. शिवाय ज्या दहा हजार पावलांना एवढा मान आहे, तो आकडा १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने आपलं पावलं मोजणारं यंत्र विकण्यासाठी वापरला होता. २०१९ मध्ये वयस्कर स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी दिसायला लागला होता आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला होता. हप्त्याचा हिशेब लावण्याआधी एवढं तरी तपासायला हवं होतं.

याउलट एक ॲप असं आहे, की ते रुग्णाच्या फोनवर नसतंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था एकत्र आली. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. या कामासाठी ‘सिंपल’ नावाचं ॲप वापरलं गेलं. ते मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. रुग्ण सरकारी दवाखान्यात येतो, त्याला दिलेल्या ‘बीपी पासपोर्ट’ नावाच्या कार्डावरचा क्यूआर कोड सिस्टर स्कॅन करतात, दंडाला पट्टा बांधून मोजलेले दोन आकडे टाकतात, गोळ्या तपासतात, पुढची तारीख देतात. एवढंच. लाल वर्तुळ नाही, हृदयाचं वय नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा स्क्रीन पहिल्या नजरेत ओकाबोका वाटेल. पण त्यात एक गोष्ट आहे जी मला कुठल्याही महागड्या ॲपमध्ये दिसली नाही: तारीख उलटून गेली तरी जे आले नाहीत त्यांची यादी. ती बघून सिस्टर फोन लावतात, ‘काका, गोळ्या संपल्या असतील ना, कधी येताय?’

बीपीच्या आजाराचं मर्म त्या यादीत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी आरोग्य-पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं, म्हणजे अंदाजे साडेएकतीस कोटी माणसं. त्यांना रोज नवा आलेख नको आहे. ॲम्लोडिपिनसारखी स्वस्त गोळी रोज मिळायला हवी आहे, आणि ‘आता बरं वाटतंय, बंद करू’ असं वाटेल त्या महिन्यात कुणाचा तरी फोन यायला हवा आहे. ‘सिंपल’च्या मागचा पैसा सार्वजनिक आरोग्याचा आणि देणग्यांचा आहे. रुग्णाने ते दिवसातून किती वेळा उघडलं यावर कुणाचं काही अवलंबून नाही, म्हणून ते ओकंबोकं राहू शकलं. सिस्टरचा वेळ वाचतो का आणि रुग्ण महिन्याने परत येतो का, एवढंच बघून ते बनलं.

यावर आमच्या क्षेत्रातले लोक म्हणतात, सरकारचं ठीक आहे, पण खासगी कंपनीने पगार कुठून द्यायचे? प्रश्न रास्त आहे. ॲप बनवायला पैसे लागतात, सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं, आणि स्टोअर स्वतःचं १५ ते ३० टक्के कमिशन कापून घेतं. पैसे घेऊ नका असं माझं म्हणणं नाहीच. वर्षाची एक रक्कम घ्या, ती आधी सांगा, संपली की विचारून घ्या. मोजलेला आकडा आणि मागचा इतिहास कधीही कुलपात ठेवू नका. सबस्क्रिप्शन संपलं तरी माणसाला आपली सगळी रीडिंग्ज एका कागदावर छापून डॉक्टरांपुढे ठेवता आली पाहिजेत. इशारा फुकट हवा. पैसे लावायचे तर आहाराचा सल्ला, आईवडिलांची रीडिंग्ज अमेरिकेतल्या मुलाला त्यांच्या संमतीने दिसण्याची सोय, डॉक्टरांशी बोलण्याची वेळ यांना लावा. त्यात कुणाची भीती वापरावी लागत नाही.

आणि एक गिऱ्हाईक आपल्यासमोर असून आपण त्याच्याकडे जात नाही: तालुक्याच्या गावातला किंवा शहरातल्या पेठेतला फॅमिली डॉक्टर. त्याच्याकडे बीपीचे शेकडो रुग्ण असतात, नोंदी केसपेपरवर किंवा डोक्यात असतात, आणि कोण यायचं बंद झालं हे त्याला बहुधा तो माणूस ॲडमिट झाल्यावर कळतं. न आलेल्यांची यादी दर सोमवारी सकाळी मराठीत दाखवणाऱ्या ॲपला तो महिन्याला काही शे रुपये आनंदाने देईल, कारण रुग्ण परत आला तर त्याची फी होते आणि रुग्णाचं बीपी आटोक्यात राहतं. दोघांचं हित एकाच गोष्टीत असलेला हा एकच व्यवहार मला या सगळ्या बाजारात दिसतो. फक्त हे ॲप औषध कंपनीने ‘भेट’ दिलेलं नसावं. पैसे डॉक्टरने स्वतःच्या खिशातून द्यावेत, नाहीतर स्वस्त गोळीच्या जागी कंपनीची महाग गोळी सुचवणारा रकाना त्या यादीशेजारी यायला वेळ लागणार नाही.